पणजोबांच्या वडिलांचे नाव कसे शोधावे?

प्रश्न : आमचे पणजोबा निफाड तालुक्यातले शेतकरी होते. त्यांच्या वडिलांचे नाव घरात कोणालाच ठाऊक नाही. ते कोठे मिळेल?

उत्तर : प्रथम तहसील कार्यालयात त्यांच्या गावचे कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूंची नोंदवही (गाव नमुना 14), पाहावी; जन्माच्या नोंदीत मुलाचे नाव पुष्कळदा नसते, पण बापाचे असते. जमीन असल्यास वारसाचा जुना फेरफार, म्हणजे जमिनीवरील हक्क बदलल्याची नोंद (नमुना 6), काढावा. कागद मोडी लिपीत असल्यास जाणकाराकडून वाचून घ्यावा. याशिवाय, घराण्यातले कोणी अस्थिविसर्जनासाठी नाशिकला रामकुंडावर आले असल्यास, तीर्थपुरोहितांच्या वह्यांत मूळ गाव व आडनावावरून वंशावळ सापडू शकते. बायकांची नावे मात्र (खेदाने सांगावे लागते) तेथेही नेहमीच आढळतात असे नाही.