घोडी गाभडली, तर वार पुरू नका

प्रश्न : माझी मारवाडी घोडी नवव्या महिन्यात गाभडली. ताप नव्हता, चारा सोडला नव्हता. सकाळी तबेल्यात मेलेलं शिंगरू वारेसकट (गर्भाभोवतीच्या आवरणासकट) पडलेलं दिसलं. डिसेंबरात तिला सारंगखेड्याच्या यात्रेत नेली होती. गावात म्हणतात, वरातीत नाचवली म्हणून झालं. शिंगरू, वार पुरून टाकली. शेजारच्या दावणीला सहा महिन्यांची गाभण घोडी आहे. काय करू?
— एक वाचक, ता. शहादा

उत्तर : भाऊ, अकरा महिन्यांतले नऊ महिने जपलेला गाभ गेला, फार वाईट झालं. पण वरातीवर खापर फोडून मोकळे होऊ नका. आता घोर दुसऱ्या घोडीचा आहे.

तुम्ही लिहिलंय ते घोड्यांच्या हर्पिस विषाणूशी, ईएचव्ही-१ शी जुळतं. त्यात बहुधा सातव्या महिन्यानंतर, काही चाहूल न लागता गर्भ पडतो, पुष्कळदा वारेसकट. हा विषाणू अंगात वर्षानुवर्षं दबून राहतो आणि प्रवास, गर्दी, अनोळखी घोडी यांचा ताण आला की उठतो. यात्रेनंतर कित्येक आठवड्यांनीही घोडी गाभडू शकते. तरी हा माझा अंदाज. निदान होतं ते शिंगरावरून आणि वारेवरून, आणि नेमकं तेच आपण सगळ्यात आधी मातीत घालतो!

वार मी जमिनीवर पसरून बघतो. गर्भाशयाच्या तोंडाशी येणारा भाग जाड, तपकिरी, चिकट असेल तर संसर्ग खालून वर चढलेला असतो. अशा घोडीची कास दिवस भरण्याआधीच भरते, कधी दूध गळतं. वारेवर लव (मखमलीसारखे बारीक तंतू) नसलेला मोठा फिकट पट्टा दिसला तर जुळ्याचा संशय घ्यायचा. तिथे एका गर्भाची वार दुसऱ्याच्या वारेला टेकलेली असते. घोडीच्या गर्भाशयात दोघांचं पोषण सहसा होत नाही. म्हणूनच फळवल्यावर चौदाव्या ते सोळाव्या दिवशी सोनोग्राफी हवीच. तेव्हा डॉक्टर एक गर्भ दाबून काढू शकतात. नाळेला थोडा पीळ असतोच, पण पिळाशी सूज नि साकळलेलं रक्त दिसलं तर कारण तिथे शोधावं.

पुन्हा असं झालं तर हातमोजे घालून शिंगरू आणि वार थंड जागी ठेवा, लगेच डॉक्टरांना बोलवा. यकृत, फुप्फुस, प्लीहा, वारेचे तुकडे बर्फात आणि थोडे फॉर्मॅलिनमध्ये जातात. हिसारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे, तिथे तपासणी होते. आता तुमच्या हाती गाभडलेल्या घोडीचं रक्त तपासणं आहे: एकदा आज, एकदा तीन आठवड्यांनी. पुरावा तितका पक्का नाही, पण काही कळेल.

दुसरी घोडी दुसऱ्याच्या तबेल्यात मुळीच हलवू नका, बाहेरचं जनावर आत आणू नका. जागा धुऊन जंतुनाशक मारा. तिचा चारा-पाणी वेगळ्या माणसाने बघावा. ईएचव्ही-१ ची लस पाचव्या, सातव्या, नवव्या महिन्यात देतात. तिचा सहावा चालू आहे, तेव्हा डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा. लसीने धोका कमी होतो, संपत नाही. गाभडलेलीला पहिल्या माजावर घोडा लावू नका. आधी गर्भाशयाचा स्वॅब (कापसाच्या बोळ्याने घेतलेला नमुना) तपासून घ्या.