मंदीत मुलाला गाड्यांच्या ट्युनिंगचं दुकान काढू द्यावं का?

पत्र: "सर, मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे माग नीट चालते ठेवायचं काम माझ्याकडे. मुलगा पंचविशीचा. ऑटोमोबाईलचा डिप्लोमा करून तीन वर्षं पुण्यात गाड्या ट्यून करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये होता. दिवाळीनंतर तिथली माणसं कमी केली, तेव्हा घरी आला. आता त्याने होटगी रोडला शेड बघितली आहे. भाडं 18 हजार, डिपॉझिट दीड लाख. मशिनरी धरून साडेनऊ लाखांचा खर्च सांगतो. इकडे आमचे माग आठवड्यातून चारच दिवस चालतात, मुलीचं लग्न व्हायचंय. घर गहाण ठेवावं, मंडळींचं सोनं मोडावं, की त्याला सरळ नोकरी बघ म्हणावं? तो म्हणतो, 'पप्पा, मंदीतच जागा स्वस्तात मिळते.' त्याचंही खोटं वाटत नाही. मालक पाडव्यापर्यंत टोकन मागतोय."

नमस्कार,

आधी उत्तर, मग कारणं. घर गहाण ठेवू नका आणि वहिनींच्या सोन्याला हात लावू नका. पण 'नोकरी बघ' म्हणून विषय मिटवूनही टाकू नका. तुमच्या मुलाच्या हातात कला आहे आणि सोलापुरात तिला गिऱ्हाईक आहे. फक्त तो जे दुकान डोळ्यासमोर ठेवून बसलाय, त्याला गिऱ्हाईक नाही.

तुम्ही पत्रासोबत त्याने लिहिलेला खर्चाचा कागद जोडलात, ते बरं केलंत. त्यात पहिल्या ओळीला 'रिमॅपिंग' आहे, दुसऱ्या ओळीला एक्झॉस्ट, आणि स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधला दोष वाचणारं यंत्र), लिफ्ट, एसीचं मशीन हे सगळं खाली ढकललेलं. पुण्याच्या वर्कशॉपमध्ये ज्याची चलती होती तेच वर आलंय, साहजिकच आहे. पण हा कागद उलटा वाचायला हवा.

रिमॅपिंग काय ते तुमच्यासाठी थोडक्यात. गाडीच्या इंजिनात डिझेल किती सोडायचं, केव्हा सोडायचं, टर्बोने हवा किती दाबायची, हे एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. त्यातले आकडे बदलले की पिकअप वाढतो. कंपनीने ते आकडे मुद्दाम थोडे हातचे राखून ठेवलेले असतात. कडक उन्हासाठी, खराब इंधनासाठी, लोड भरून घाट चढणाऱ्या ड्रायव्हरसाठी. तुम्ही जॉबर आहात, मागाचा स्पीड वाढवून मालक खूश होतो आणि मग दिवसभर तुटलेले धागे सांधत कोण बसतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. सोलापूरचा पारा मे महिन्यात 43 च्या पुढे जातो. टर्बोत जाणारी हवा आधीच तापलेली असते. कंपनीने राखून ठेवलेली सवलत नेमकी तेव्हाच उपयोगी पडते, आणि रिमॅपमध्ये आपण तीच खर्च केलेली असते. त्यातून क्लच घसरला, टर्बो गेला, तर गिऱ्हाईक कंपनीकडे जात नाही. कंपनी वॉरंटी नाकारते आणि माणूस तुमच्या मुलाच्या दारात उभा राहतो.

शिवाय कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा ठरेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. सायलेन्सर बदलून आवाज काढणं किंवा धुराचा फिल्टर काढून टाकणं, यात प्रदूषणाचं कलम वेगळं लागतं. दंड गाडीमालकाला होतो हे खरं. पण गाडी पकडल्यावर 'कुठे करून घेतलं' हा पुढचा प्रश्न असतो, आणि सोलापूर काही एवढं मोठं गाव नाही. सात रस्त्याला एखाद्या पोराने आवाज काढला की चार जण 'काय बे, कुठं केलास?' विचारतात, त्यात एक हवालदारही असू शकतो.

ज्याला खरोखर हौस आहे आणि खिशात पैसा आहे, तो माणूस अडीचशे किलोमीटर गाडी मारून पुण्याला जातो. नाव असलेल्या ठिकाणी काम करून घेतो आणि आल्यावर ते नावच जास्त सांगतो. अशी चार गिऱ्हाइकं मिळाली तरी त्यांच्यावर 18 हजार भाडं निघत नाही. आणि हात आखडले की माणूस पहिली कात्री हौसेला लावतो.

आता मंदीची दुसरी बाजू. इथे तुमचा मुलगा अर्धा बरोबर आहे. तंगीत माणूस नवी गाडी घ्यायचं पुढे ढकलतो आणि जुनी आणखी तीन वर्षं ओढतो. सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, त्यामुळे काही जण नव्या गाडीकडे वळतील, ते सोडा. नवी गाडी वॉरंटी संपेपर्यंत शोरूमलाच जाते, ती तशीही तुमची नव्हे. सुट्या भागांवरचा करही त्याच वेळी 18 वर आला, म्हणजे जुनी गाडी दुरुस्त करणंही तेवढंच हलकं झालं. पाच ते बारा वर्षांच्या गाड्या हा तुमच्या मुलाचा धंदा आहे.

आणि सोलापुरात अशा गाड्या थांबून राहणाऱ्या नाहीत. अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर, पंढरपूर या फेऱ्या बारा महिने चालतात. पिवळ्या पाटीची गाडी एक दिवस उभी राहिली तर मालकाचा त्या दिवसाचा धंदा बुडाला. एक उदाहरण घ्या. बीएस-6 ची, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमातली डिझेल इनोव्हा, डॅशबोर्डवर फिल्टरची लाईट, गाडी ओढत नाही. एप्रिल 2020 पासूनच्या डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. ती काजळी गाडी लांब पल्ल्याला सलग पळाली की आतल्या आत जळून जाते. नव्या पेठेत आणि स्टेशनला घिरट्या घालणाऱ्या गाडीत ती जळत नाही, साचते. आता गिऱ्हाईक कुठे जातं? एक जण सांगतो अख्खा फिल्टर बदला, आणि तो आकडा ऐकून मालक खाली बसतो. दुसरा म्हणतो काढून टाकू, लाईट घालवून देतो. तुमच्या मुलासारखा पोरगा मात्र स्कॅनर लावून फिल्टरच्या अलीकडचा नि पलीकडचा दाब बघतो. कधी कधी त्या दाबाच्या सेन्सरला जाणारी पेन्सिलएवढी रबरी नळी उष्णतेने तडकलेली असते, बस. नळी बदलायची, काजळी जाळून घ्यायची, गाडी रस्त्यावर. हे काम नीट करणारे हात गावात थोडे आहेत आणि ते काम कायद्यात बसतं.

उन्हाळ्यात एसी. याबद्दल सोलापूरकराला जास्त सांगावं लागत नाही. मार्च ते जून एसी, कूलंट, रेडिएटर यांवरच माणूस तगू शकतो. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं, त्यामुळे जुन्या गाड्यांचे मालक 'ॲव्हरेज पडलं' म्हणून येतात. त्यांना प्लग, थ्रॉटल बॉडी, इंजेक्टर बघून खरं कारण सांगणारा माणूस हवा असतो. इलेक्ट्रिक गाड्यांची भीती आत्ता बाजूला ठेवा. इंजिनाचं काम हळूहळू घटेल, पण सस्पेन्शन, अलाइनमेंट, ब्रेक, एसी त्यांनाही लागतात.

आता हिशेब, कारण जे काही ठरायचं ते इथेच. समजा साडेनऊतले आठ लाख कर्ज, 11 टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता साधारण 17,400. भाडं 18,000. एक हेल्पर 12,000. लाईट बिल आणि किरकोळ 6,000. झाले 53,400, आणि मुलाने स्वतःसाठी अजून एक रुपया घेतलेला नाही. त्याचे 15,000 धरले तर 68,400. एका गाडीमागे मजुरीचे सरासरी 900 रुपये सुटतात असं धरू. महिन्याला 76 गाड्या. रविवार सोडून रोज तीन, पहिल्या महिन्यापासून, आणि सगळी रोख. ज्याला गावात तीन वर्षं कोणी बघितलेलं नाही, त्याच्याकडे रोज तीन गाड्या पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी कुठून येणार? जागा स्वस्तात मिळते हे त्याचं म्हणणं ठीक, पण मंदीत गिऱ्हाईकही उशिरा पैसे देतं. ऊसवाल्याचं बिल कारखान्याकडून आलं की मग तुमचं, कारखानदाराचा टॉवेल गेला की मग तुमचं. तुमच्या मागांचे चार दिवस झालेत ना, तसेच ज्यांच्या गाड्या येणार त्यांचेही झालेत.

म्हणून क्रम बदला. शेड घेऊ नका. विजापूर रोडला किंवा आसरा भागात ज्या गॅरेजवाल्याकडे जागा आहे, जुनं गिऱ्हाईक आहे, पण ज्याला स्कॅनिंग जमत नाही, असा वयस्क मेकॅनिक शोधा. असे बरेच आहेत, आणि बीएस-6 गाडी आली की ते मनातून वैतागलेले असतात. त्याच्याकडे एक बे, म्हणजे एक गाडी उभी करून काम करता येईल एवढी जागा. भाडं नाही, मजुरीत वाटा. ठरवलेला वाटा कागदावर लिहा, सही घ्या, मग तो चुलत मामा का असेना. मुलाने फक्त चांगला स्कॅनर आणि हाताची हत्यारं घ्यायची. हा खर्च घरातून झेपण्यासारखा आहे, आणि धंदा नाही जमला तरी स्कॅनर विकला जातो. शेडचं डिपॉझिट नि पत्र्याचं काम विकलं जात नाही.

कर्जाचं एक लक्षात ठेवा, इथे पुष्कळ जण फसतात. 10 लाखांपर्यंतच्या मुद्रा कर्जाला तारण लागत नाही. तेव्हा बँकेतला कोणी 'घराचे कागद आणा' म्हणाला तर कोणत्या नियमाने, ते लेखी विचारा. अनुदानाच्या योजना म्हणजे केंद्राची पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती) आणि राज्याची मुख्यमंत्री रोजगार निर्मिती. त्यांच्या सध्याच्या अटी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विचारा, एजंटाला नको. त्यांची मुख्य अट अशी की उद्योग नवा हवा. म्हणजे आज उत्साहात स्वतःच्या नावाने शेड उघडून बोर्ड लावला, तर सहा महिन्यांनी अनुदान मागायला गेल्यावर 'तुमचा उद्योग जुना' म्हणून फाईल परत येते. दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये काम केलं तर ही वाट उघडी राहते. आणि पीएमईजीपीचं अनुदान हातात पडत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकून राहतं आणि मग कर्जात वळतं. मुलीच्या लग्नाच्या हिशेबात ते धरू नका.

पुढचं मुलाला वाचून दाखवा.

बाळा, तुझ्या वडिलांच्या पत्रात तुझ्यावर राग नाही, काळजी आहे. रिमॅपिंग सोड असं मी म्हणत नाही. तुझ्या हातात ते असणं ही तुझी ओळख आहे, पण घर चालवायचं काम त्याच्यावर टाकू नकोस. रोज संध्याकाळी वहीत लिही. गाडी नंबर, तक्रार काय, सापडलं काय, पैसे किती, रोख की उधार, आणि कोणाच्या सांगण्यावरून आला. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. मित्रांच्या गाड्या वेगळ्या पानावर, त्यांची मजुरी हिशेबात धरायची नाही. सहा महिने लिही. सलग दोन महिने रोज तीन गाड्या भरल्या आणि त्यातल्या निम्म्या कोणीतरी पाठवलेल्या असल्या, तर जिल्हा उद्योग केंद्रात फाईल घेऊन जा. तेव्हा बँकेच्या साहेबासमोर ती वही ठेवायची, प्रोजेक्ट रिपोर्टमधल्या छापील आकड्यांपेक्षा ती जास्त बोलते. वही भरलीच नाही, तर शोरूमच्या वर्कशॉपमध्ये डायग्नोस्टिकच्या जागा निघतात, तिथे अर्ज कर. तोवरच्या सहा महिन्यांचा अनुभव तिथेही मोजला जाईल.

वडिलांसाठी शेवटचं. टोकन दिलं नसेल तर देऊ नका. मालक 'दुसरं गिऱ्हाईक आहे' म्हणेल. असेल, तर त्याला देऊ दे. आणि दिलं असेल, तर ते परत मागायला तुम्ही स्वतः जा, मुलाला पाठवू नका. तो ते मागून आणण्याऐवजी त्या शेडला रंग लावायचं ठरवून येईल.