उभ्या गाडीत एसी गरम हवा मारतो, फॅन कधी फिरतो कधी नाही, कॉम्प्रेसर बदलू का?

म्हणजे तुमचं म्हणणं असं की गाडी ९ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे, पंढरपूर रोडला पळताना एसी झकास गार करतो आणि सोलापुरात शिरून सात रस्त्याच्या सिग्नलला उभी राहिली की तोच एसी कोमट हवा सोडतो, इंजिनच्या तापमानाचा काटा निम्म्याच्या वर चढतो, पुढचा फॅन मनाला येईल तेव्हा फिरतो. एकानं गॅस भरून दिला, आठ दिवसांत परत तेच, आता दुसरा म्हणतोय कॉम्प्रेसर गेला.

नका बदलू. अजून तरी नका.

मी मेकॅनिक नाही, हे आधीच सांगून टाकतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन आहे, १४ वर्षं लूमच्या मोटारी, स्टार्टर, पॅनल हेच बघतोय. आणि एवढं असूनसुद्धा हीच भानगड माझ्या गाडीत झाली तेव्हा दोन उन्हाळे मी नुसता पैसे घालत बसलो, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

अर्धं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे बघा. एसीचा गॅस गाडीच्या आतली उष्णता उचलतो आणि पुढच्या जाळीमागं जो कंडेन्सर असतो तिथं आणून टाकतो, त्याच्या मागं लगेच रेडिएटर. गाडी ८० नं पळत असली की समोरचा वारा दोघांनाही गार करतो, फॅन असला काय नसला काय. उभी राहिली की वारा संपला, सगळी भिस्त फॅनवर. तो फिरला नाही की कंडेन्सरमधलं प्रेशर चढत जातं आणि लाइनवरचा प्रेशर स्विच साधारण ३० बारच्या आसपास कॉम्प्रेसरचा सप्लाय तोडायला लावतो, कारण नाहीतर पाइप किंवा कॉम्प्रेसर फुटेल. आता गॅरेजवाला वाकून बघतो तर कॉम्प्रेसर बंद, लगेच म्हणतो गेला. अहो तो गेला नाही, त्याला मुद्दाम थांबवलंय. आणि गॅस कमी असता तर काटा कशाला चढला असता, रेडिएटरच्या पाण्याचा आणि एसीच्या गॅसचा काय संबंध? काटा आणि एसी दोन्ही एकदमच बिघडतात म्हणजे दोघांत कॉमन जे आहे ते बघायचं, आणि कॉमन आहे तो फॅन. उलट गॅस मापानं न भरता वरच्यावर ढकलला असेल तर प्रेशर अजून लवकर चढणार, हेही डोक्यात असू द्या.

(काही लोक ब्लोअरला पण फॅनच म्हणतात. डॅशबोर्डमधून हवा फेकतो तो ब्लोअर, तो वेगळा. तो फक्त चार नंबरवरच चालतो आणि एक-दोन-तीनवर गप बसतो अशी तक्रार असली तर बहुतेक त्याचा रेझिस्टर जळालेला असतो, त्याचा या सगळ्याशी संबंध नाही.)

आधी फुकटची टेस्ट करा. सकाळी इंजिन गार असताना बॉनेट उघडा, गाडी स्टार्ट करा, एसी लावा, ब्लोअर फुल. बहुतेक गाड्यांत एसी लावला की थोड्याच वेळात पुढचा फॅन फिरायलाच पाहिजे, इंजिन गार असलं तरी. फिरला नाही तर मोटारीच्या पाठीवर स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्यानं हळूच टकटक करा, पात्यांपासून लांब राहून. टकटक केल्यावर फिरला तर आतले कार्बन (मोटारीच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे ब्रश) झिजलेत, चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन नुसते कार्बन बदलून देतो, अख्खी मोटार घ्यायची गरज नसते. आणि एक, बऱ्याच गाड्यांत चावी काढली तरी फॅन अचानक सुरू होऊ शकतो, त्यामुळं पात्यांत हात घालायचा तर आधी बॅटरीचं मायनस काढा. गरम रेडिएटरचं झाकण तर उघडूच नका, वाफेनं हात भाजतो.

मग फ्यूज आणि रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच). फॅनचा फ्यूज मोठा असतो, बहुतेक ३० नाहीतर ४० अँपिअरचा. तो उडालेला असेल तर का उडाला ते शोधा, ३० च्या जागी ४० घालू नका, तार तर अजिबात गुंडाळू नका, नाहीतर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जळतं. रिलेवर ३०, ८७, ८५, ८६ असे आकडे असतात, ८५-८६ ही कॉइल आणि ३०-८७ मधून फॅनचा खरा करंट जातो. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून बघता येतं. पण "रिले टिक् वाजला म्हणजे चांगला आहे" हे खरं नाही, टिक् कॉइलचा असतो, आत कॉन्टॅक्ट जळून काळे झाले असतील तरी टिक् वाजतोच.

माझं काय झालं ते सांगतो. पहिल्या उन्हाळ्यात दोनदा गॅस भरला, रिले बदलला. दुसऱ्या उन्हाळ्यात मी स्वतः मीटर घेऊन बसलो, एवढं शिकून काय उपयोग म्हणून. फॅनचा कपलर (वायरी जोडायचा प्लग) काढला, एसी लावला, कपलरच्या दोन पिनांवर मीटर लावला तर १२.४ व्होल्ट. मग काय, सप्लाय येतोय, फॅन फिरत नाही, म्हणजे मोटारच गेली, २८०० ची मोटार आणून बसवली. तीन दिवस मस्त चालली. (कपलर काढघाल करताना, फ्यूज बॉक्स हलवताना कुठंतरी कॉन्टॅक्ट जरा बसला असणार, हे नंतर कळलं.) चौथ्या दिवशी आईला तुळजापूरला घेऊन निघालो आणि तुळजापूर नाक्याजवळ ट्रॅफिकमध्ये काटा लालवर. मे महिना, बाहेर ४२ तरी असेल, आणि मी काच खाली करून हीटर फुल लावला, कारण हीटर लावला की इंजिनची थोडी उष्णता आत खेचली जाते आणि काटा जरा उतरतो. आई घामाघूम होऊन म्हणाली, एस्टीनं आलो असतो तर आत्ता देवळात असतो.

रस्त्याकडेला एका बॅटरीच्या दुकानापाशी गाडी लावली. तिथं एक म्हातारे चाचा होते, त्यांनी माझं सगळं पुराण ऐकून घेतलं आणि खिशातून ब्रेक लाइटचा बल्ब काढला, दोन वायरी सोल्डर केलेल्या, एकीच्या टोकाला सुई, एकीला क्लिप. म्हणाले, "मीटरला काय लागतंय, एक केस जोडलेला असला तरी बारा दाखवतंय. बल्ब लाव की." कपलरवर बल्ब लावला तर समईसारखा लालसर मिणमिणला. तोच बल्ब बॅटरीवर लावला तर डोळे दिपले. मग त्यांनी क्लिप बॅटरीच्या मायनसला अडकवली आणि सुई पुढं पुढं नेत गेले, फ्यूजच्या अलीकडं फुल, फ्यूजच्या पलीकडं फुल, रिलेच्या ३० नंबर पिनेला मिणमिण. रिले उपटून उलटा केला तर ती एकच पिन निळसर काळी पडलेली, बाकीच्या तीन चकचकीत. खाली सॉकेटमध्ये त्या पिनेच्या भोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन मेणासारखं खाली ओघळलं होतं आणि आतली पत्र्याची पकड फाकली होती. जुनं टर्मिनल कापून नवीन क्रिंप केलं, वायर तीन बोटं मागं नेली कारण पुढची तांब्याची तार काळी पडली होती. अर्धा तास, २५० रुपये. ही गोष्ट तीन वर्षांपूर्वीची, फॅन अजून एकदाही चुकला नाही.

लाज वाटली ती वेगळीच. कारखान्यात कॉन्टॅक्टरचं (मोटार चालू-बंद करणाऱ्या मोठ्या स्विचचं) थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची टोपी, ढिलं राहिलं की ते गरम होतं, गरम झालं की अजून ढिलं होतं, मग मोटार घूं करत बसते, हे मी हेल्परला आठवड्यातून एकदा तरी सांगतो. लोड न लावता व्होल्टेज बघू नको हेही मीच सांगतो. आणि स्वतःच्या गाडीत कपलर काढून व्होल्टेज बघत बसलो.

हिशोब साधा आहे. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, म्हणून तारेतली एक लड शिल्लक असली तरी १२ दिसणार. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर घेतो आणि छोट्या गाडीचा फॅन ८-१० तरी घेतो, मग व्होल्टेज त्या खराब जोडावरच मरतं, फॅनपर्यंत पोचत नाही. तुमच्याकडं मीटरच असेल तर कपलर न काढता, फॅनला सप्लाय चालू असताना, एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं फॅनच्या प्लस वायरीला मागून टोचून बघा. अर्धा व्होल्टच्या आत पाहिजे. तसंच फॅनचं मायनस ते बॅटरीचं मायनस, इथं ०.२ च्या आसपास. यातलं कुठलं तरी दोन-चार व्होल्ट दाखवायला लागलं की तुमचा चोर त्याच बाजूला. मायनसच्या बाजूला असेल तर बॅटरीजवळ बॉडीला जो अर्थिंगचा बोल्ट असतो तो खोला, हिरवी-पांढरी भुकटी दिसेल, पॉलिश पेपरनं घासून घट्ट करा आणि वर थोडं व्हॅसलीन. कारखान्यातला टाँग टेस्टर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजायचं मीटर) आणून करंट मोजायला जाऊ नका, मी गेलो होतो, शून्य दाखवला, कारण साधा टाँग टेस्टर फक्त एसी करंट मोजतो, म्हणजे घरच्या लाइनचा, गाडीला डीसीवाला लागतो.

सप्लाय ठीक आहे पण रिलेला हुकूमच येत नाही असं निघालं तर टेंपरेचर सेन्सर बघा. बऱ्याच गाड्यांत त्या सेन्सरचा कपलर काढला की कम्प्युटरला तापमान कळेनासं होतं आणि तो घाबरून फॅन फुल सोडतो. तसा सुटला तर मोटार, रिले, वायरिंग सगळं ठीक, दोष सेन्सरकडं नाहीतर एसीच्या प्रेशर स्विचकडं. चेक इंजिनचा दिवा लागेल, घाबरू नका, कपलर परत लावा, दिवा राहिलाच तर स्कॅनरनं घालवून घ्या. कूलंट कमी असेल तर मात्र सेन्सर पाण्याऐवजी वाफेत लोंबकळतो आणि चुकीचं सांगतो, त्यामुळं लेव्हल आधी बघा. दोन स्पीडचा फॅन असेल तर लो स्पीडचा रेझिस्टर जळून फक्त हाय राहतो, तेव्हा फॅन उशिरा पण वादळासारखा सुरू होतो, त्यावरून ओळखायचं. उंदरानं वायर कुरतडलीय का तेही बघा, बोळात गाडी लावत असाल तर आधी तेच.

मोटार बदललीच असेल तर एक कागदाची टेस्ट. वर्तमानपत्राचं अर्धं पान पुढच्या जाळीवर धरा, फॅन चालू झाल्यावर ते जाळीला चिकटलं पाहिजे. उडून अंगावर आलं तर प्लस-मायनस उलटं जोडलंय, फॅन उलटा फिरून इंजिनची गरम हवा पुढं ढकलतोय. बाजारातल्या लोकल मोटारीच्या वायरींचे रंग काहीही असतात.

आणि आपल्या सोलापूरचं खास, टॉवेल-चादरीच्या कारखान्यांजवळ गाडी उभी राहत असेल तर कंडेन्सरच्या पत्र्यांत कापूस अडकून गादी तयार होते. माझ्या गाडीतून ओंजळभर निघाला होता. नळाच्या साध्या धारेनं, आतून बाहेर, हळू धुवायचं. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरनं पत्रे आडवे पडतात.

हे सगळं ठीक निघूनही एसी बंदच पडत असेल तर मग कॉम्प्रेसरकडं वळा, तेसुद्धा आधी क्लच, म्हणजे कॉम्प्रेसर पुलीला जोडणारा-सोडणारा भाग. पुली कायम फिरते, मधली ताटली एसी लावल्यावरच चिकटून फिरते. क्लचच्या कॉइलचा रेझिस्टन्स साधारण ३ ते ४ ओहम येतो. पहिली वीस मिनिटं गार आणि इंजिन तापल्यावर ताटली चिकटेना असं असेल तर फटीत फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला, बऱ्याच गाड्यांत ०.३ ते ०.६ मिलिमीटर चालते, झिजून एकच्या जवळ गेली असेल तर गरम कॉइलला ती ओढता येत नाही. आतली एखादी शिम (पातळ वॉशर) काढून फट कमी करतात, तेवढ्यावर काम भागतं.

बल्बची टेस्ट करून रिलेच्या कुठल्या पिनेला प्रकाश कमी होतो ते लिहा, पुढचं सांगतो. फक्त संध्याकाळी सातनंतर करा, दुपारी बॉनेटला हात लावता येत नाही सध्या.