लासलगावचा कांदा आणि कोबाल्टचं केंद्रक

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: लासलगावच्या केंद्रात मोड येऊ नयेत म्हणून विकिरण केलेला, म्हणजे गॅमा किरणांचा मारा केलेला कांदा घरी आला, तर सासूबाई म्हणतात "अणू लावलेला कांदा नको". बारावीतला मुलगा म्हणतो काही होत नाही, पण का होत नाही ते त्याला सांगता येत नाही. मी नाशकात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवण्यात आयुष्य घालवलंय, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

कांदा किरणोत्सारी होत नाही, म्हणजे स्वतः किरण सोडू लागत नाही, हे आधीच सांगून टाकतो. यावर नेहमी दिला जाणारा दाखला म्हणजे उन्हात वाळवलेली कुरडई रात्री उजेड देत नाही. दाखला बरा आहे, पण अर्धवट. कारण काही माऱ्याने वस्तू खरंच किरणोत्सारी होते. लासलगावला 2002 साली सुरू झालेल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'कृषक'मध्ये जो कोबाल्ट-60 वापरतात, तोच मुळी असा बनतो: साधा कोबाल्ट-59 अणुभट्टीत ठेवायचा, त्याच्या केंद्रकात, म्हणजे अणूच्या गाभ्यात, एक न्यूट्रॉन घुसतो आणि 59 चा 60 होतो. मग कांद्याचं तसं का होत नाही?

केंद्रकात प्रोटॉन एकमेकांना ढकलत असतात. तरी ते एकत्र राहतात, कारण प्रबल बल प्रोटॉन-न्यूट्रॉनांना घट्ट धरून ठेवतं. या बलाची पोच अगदी शेजाऱ्यापुरती, तर विद्युत ढकलाढकल केंद्रकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हणून प्रोटॉन वाढत गेले की डळमळ वाढते. शिशाच्या, म्हणजे 82 प्रोटॉनांच्या पुढे कायमचं टिकणारं केंद्रकच नाही. पण कांद्यातले अणू हलके आणि घट्ट. त्यांना किरणोत्सारी करायचं तर किरणाला केंद्रकातून काहीतरी उपटून काढावं लागेल. ऑक्सिजनमधून एक न्यूट्रॉन उपटायला सुमारे 15.7 एमईव्ही (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप) ऊर्जा लागते, कार्बनला 18.7, नायट्रोजनला 10.6. पाण्यात चिमूटभर असणारा जड हायड्रोजन सगळ्यात ढिला, त्यालाही 2.22.

आणि कोबाल्टचे गॅमा किरण? फक्त 1.17 आणि 1.33 एमईव्ही. किरण कितीही सोडा, प्रत्येकाची ताकद तेवढीच. शंभर चापट्या मारल्या म्हणून नारळ फुटत नाही. हे किरण इलेक्ट्रॉन उडवतात, रेणू तोडतात. केंद्रकाला धक्का लागत नाही. न्यूट्रॉनला मात्र प्रोटॉनसारखं कुणी ढकलत नाही, तो सरळ आत शिरतो. पण कोबाल्ट न्यूट्रॉन सोडतच नाही.

मुलाला सांगा, कोबाल्ट-60 मधला एक न्यूट्रॉन क्षीण बलामुळे (केंद्रकातलंच दुसरं एक बल) प्रोटॉन होतो, एक इलेक्ट्रॉन आणि एक प्रतिन्यूट्रिनो (जवळपास वजनच नसलेला कण) बाहेर पडतात, आणि केंद्रक निकेल-60 बनतं. ते निकेल उत्तेजित असतं, शांत होताना दोन गॅमा सोडतं. इलेक्ट्रॉन स्टीलच्या बंद नळीतच अडकतो, गॅमा तेवढा बाहेर येतो. कांदा कोबाल्टला शिवतही नाही. कोबाल्ट-60 चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा साठा संपायला लागणारा काळ, 5.27 वर्षं; म्हणून साठा दरवर्षी साधारण 12 टक्क्यांनी उतरतो आणि अधूनमधून नवा भरावा लागतो.

सासूबाईंना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण कांदा केंद्रात जायच्या आधीपासूनच किंचित किरणोत्सारी असतो. किलोभर कांद्यात दीडेक ग्रॅम पोटॅशियम, त्यातल्या पोटॅशियम-40 चे सेकंदाला चाळीस-पन्नास अणू फुटतात. केळ्यात, बटाट्यात, आपल्या अंगातही हेच चालू असतं.

राहिला कोंब. कांद्याला साधारण 60 ते 90 ग्रे मात्रा देतात. 60 ग्रे म्हणजे किलोला 60 ज्यूल. कांदा अंशाच्या पन्नासाव्या भागानेही तापत नाही. पण माणसाच्या सगळ्या अंगाला चार-पाच ग्रे एकदम मिळाले तर जीव जाऊ शकतो, म्हणून तर केंद्राच्या त्या जाड भिंती. फरक ऊर्जेचा नाही, ती कुठे बसते त्याचा आहे: विभागणाऱ्या पेशींचा डीएनए तुटतो. कांद्यात अशा पेशी मधल्या कोंबात, तो मरतो. बाकीच्या पाकळ्यांना फारसा फरक पडत नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. विकिरणाने मोड थांबतात, सड थांबत नाही. काढणीनंतर उशीर केला तर आतला कोंब तपकिरी पडतो, आणि कांदाचाळीत हवा खेळती नसेल तर हाच कांदा पावसाळ्यात काळा पडतो. तेव्हा सासूबाईंनी देठाजवळ दाबून, वास घेऊनच घ्यावा.