ती बॅग तू उघडणार नाहीस

प्रिय मुली,

तुझी बाळंतपणाच्या बॅगेची यादी मिळाली. त्र्याऐंशी वस्तू. चष्मा पुसून दोनदा वाचली. खाली तू विचारलं आहेस, "मावशी, काही राहिलं का?" आणि निरोपाची वेळ रात्री पावणेतीनची. पोटातल्या लाथांनी झोप उडाली म्हणून उठलीस आणि दुपटी तीन घ्यावीत की पाच, यावर रडत बसलीस, असं तूच लिहितेस.

राहिलं आहे. एक गोष्ट राहिली आहे आणि ती यादीत लिहिता येणारी नाही. ती बॅग तू उघडणार नाहीस.

पुन्हा वाच. तू भरशील, चेन लावशील, दाराजवळ ठेवशील. उघडणार दुसरंच कुणीतरी. त्या वेळी तुझ्या एका हाताला सुई टोचलेली असेल आणि दुसऱ्या हातानं तू पलंगाची कड धरलेली असेल. बॅगेत हात घालणारा तुझा नवरा असेल, आई असेल, नाहीतर दहा मिनिटांपूर्वी ड्युटीवर आलेली, तुझं नावही नीट न वाचलेली एखादी सिस्टर असेल. "गाऊन कुठला?" असं ती विचारेल आणि तुला दोन कळांच्या मधल्या वेळात सांगावं लागेल, की निळ्या पाऊचच्या मागं, जाळीच्या कप्प्यात, पण तो नाही, दुसरा. सांगून बघ एकदा. आत्ता, कळा नसताना, दम न लागता सांगून बघ.

लेबर रूममध्ये मी एकतीस वर्षं काढली. बाळांपेक्षा बॅगा जास्त पाहिल्या, कारण काही घरं तीन-तीन आणायची. पाचव्या दुपट्यावाचून कुणाचं अडलेलं मी पाहिलं नाही. पण चांगला शिकलासवरलेला माणूस व्हरांड्यात जमिनीवर बसलाय, भोवती इवलीइवली झबली पसरलीत आणि तो एक कागद शोधतोय, हे मात्र इतक्यांदा पाहिलंय की त्या माणसांचे चेहरे आता एकमेकांत मिसळून गेलेत.

त्यातला एक चेहरा माझ्या नवऱ्याचा आहे.

आमची मुलगी 1991 ची. मी तेव्हाही याच कामात होते, त्यामुळे बॅग कशी भरतात हे मला कोण शिकवणार! मी ती सातव्या महिन्यातच भरून ठेवली होती आणि नंतर दर आठवड्याला उपसून परत भरत होते. त्याला हात लावू दिला नाही. तो घड्या वाकड्या घालायचा. रात्री कळा सुरू झाल्या, पोचलो, तिथं तपासण्यांची फाईल मागितली. माझा रक्तगट आरएच निगेटिव्ह, त्यामुळे फाईल हवीच, हे मला इतर कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं. त्यानं बॅग उपसली. मिळेना. मी पलंगावरून ओरडले, "कपाटात राहिली असणार, घरी जा." तो स्कूटर काढून गेला. सगळं कपाट रिकामं केलं त्यानं. रिकाम्या हातानं परत आला तेव्हा मुलगी जन्मून वीस मिनिटं झाली होती.

फाईल बॅगेतच होती. तिसऱ्या दिवशी घरी जायचे कपडे काढताना मला सापडली, तळाच्या पुठ्ठ्याखाली. सुरकुत्या पडू नयेत म्हणून मीच ती तिथं सरकवली होती.

आणि काय सांगू, त्या कागदावाचून काही अडलंही नव्हतं. रक्तगट त्यांनी नव्यानं तपासला, तो तसाही तपासतातच. बाळाचा पॉझिटिव्ह निघाला म्हणून मला अँटी-डीचं इंजेक्शन (पुढच्या बाळाला धोका नको म्हणून देतात ते) द्यायचं होतं, ते बहात्तर तासांच्या आत देतात, ते वेळेत मिळालं. अडलं ते एकच. तो आत नव्हता.

पुढं कित्येक वर्षं मी त्याला ऐकवत राहिले, की तुला साधी बॅग नीट बघता आली नाही. फाईल बॅगेतच होती हे त्याला अजून माहीत नाही आणि तू सांगणार नाहीस. तसं पाहिलं तर माझ्या जागी कुणीही तेच म्हटलं असतं. त्या अवस्थेत कुणाला काय आठवतं? रात्रपाळ्या करून दमलेली होते, पाय सुजलेले होते, आणि पुठ्ठ्याखाली ठेवण्यामागं विचार होताच ना काहीतरी. बघ, एवढी वर्षं झाली तरी वकिली चालूच आहे माझी. कामावरही तेच. व्हरांड्यात शोधाशोध करणाऱ्या नवऱ्यांना मी फार टाकून बोलले. "एवढंही माहीत नाही तुम्हाला?" कसं माहीत असणार? बॅग त्यांनी भरलीच नव्हती.

म्हणून आज संध्याकाळी सगळं बाहेर काढ. पलंगावर पसर. मग तू खुर्चीत बस, हात मांडीवर, आणि बॅग तुझ्या नवऱ्याला भरू दे. घड्या वाकड्या पडतील. पडू देत. तुला राहवणार नाही, उठून नीट करावंसं वाटेल. तुझा स्वभाव मला पाठ आहे, कारण तो माझाच आहे. उठू नकोस.

सगळ्यात वर फाईल. चेन उघडली की हाताला पहिली तीच लागायला हवी. तिच्या पहिल्या पानावर एक कागद लाव आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिही: रक्तगट, कुठल्या औषधाची ॲलर्जी, कोणत्या गोळ्या चालू आहेत, आधी कुठलं ऑपरेशन झालंय का, बीपी-साखरेचा त्रास असेल तर कधीपासून, शेवटच्या सोनोग्राफीत वार (प्लॅसेंटा) कुठं दिसली, आणि दोन फोन नंबर. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी चे रिपोर्ट त्याच्या लगेच मागं. आईला हिपॅटायटिस बी असेल तर बाळाला काय टोचायचं हे पहिल्या काही तासांत ठरतं. रक्तगट सुईनं कळतो. पेनिसिलिननं तुझ्या अंगावर पित्त उठतं, हे सुईनं कळत नाही. त्या पानाचा फोटो दोघांच्याही फोनमध्ये असू दे.

मग तीन पिशव्या, तीन वेगळ्या रंगांच्या. पहिली कळांच्या वेळची, दुसरी नंतरची तुझी, तिसरी बाळाची. प्रत्येकीवर चिठ्ठी. "हसतील लोक," असं म्हणशील. हसू देत.

पहिली छोटी. पुढून उघडणारा सैल गाऊन, पायात घालायला न घसरणाऱ्या सपाता, ओठांना लावायला काहीतरी (तोंडानं श्वास घेऊन ओठ फाटतात, हे कुणी आधी सांगत नाही), केस बांधायचं रबर, पाण्याची बाटली, लांब वायरचा चार्जर. पलंगापासून प्लग नेहमी लांबच असतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरतेस ना? मग चष्मा. नखांचं पॉलिश आणि अंगठ्या घरीच उतरव. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतात आणि पॉलिशमुळे आकडा चुकू शकतो, आणि सुजलेल्या बोटातून अंगठी काढणं हे काय प्रकरण असतं ते मला विचार.

दुसरीत मुख्य काय, तर पॅड. तू त्र्याऐंशी वस्तूंत पॅडचं एकच पाकीट लिहिलं आहेस आणि सुगंधी मेणबत्ती दोनदा. नैसर्गिक बाळंतपण होवो की सिझर, रक्तस्राव दोन्हीकडं होतो. पहिले काही दिवस भरपूर, मग कमी कमी होत चार ते सहा आठवडे. जाड, लांब पॅड घे, दोन पाकिटं. टॅम्पॉन किंवा पाळीचा कप या काळात नाही, आत जंतुसंसर्ग होऊ शकतो. चड्ड्या कमरेच्याही वर येणाऱ्या आणि सैल हव्यात, कारण सिझर झालं तर टाके नेमके नेहमीच्या इलॅस्टिकच्या जागी येतात. रंग गडद, आणि ज्या टाकून द्यायला जीव तुटणार नाही अशा. घरी जायचे कपडे गरोदरपणातलेच. पोट त्याच दिवशी आत जात नाही. बारीक दिसेन म्हणून जुनी जीन्स बॅगेत टाकलीस ना? काढ.

बाळाच्या पिशवीत सगळ्यात वर टोपडं. ते का, ते सांगते, म्हणजे त्यालाही लक्षात राहील. बाळ ओलं बाहेर येतं आणि ओलं अंग भराभर गार पडतं. म्हणून आधी पुसतात, टोपडं घालतात आणि सगळं ठीक असेल तर आईच्या उघड्या छातीवर ठेवतात, निदान पहिला तासभर. जागतिक आरोग्य संघटना तर सांगते, की पहिली आंघोळ चोवीस तासांनंतरच घाला. त्यामुळे तुझा तो साबण, शाम्पू, पावडर, तेल, छोटा ब्रश हा सगळा संच घरीच राहू दे. बाटली आणि वरच्या दुधाचा डबाही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही. सुरुवातीला चीक थेंबथेंबच येतो आणि पहिल्या दिवशी बाळाला तेवढाच लागतो. दूध उतरायला दोन-तीन दिवस लागले की घरात कुजबुज सुरू होते, बॅगेत बाटली असली की तिच्याकडं हात जातो. नसली की जात नाही. झबली, लंगोट, डायपर हे सगळं धुऊन वाळवून ठेवायला तुला सांगायची गरज नाही. कापडावर कापड चढवता येईल असं घे. नाळेच्या जागेवर घासणारं काही नको. उशी आणि लोड तर मुळीच नको, बाळ पाठीवर, मोकळ्या जागेत झोपतं.

नवऱ्याची बॅग वेगळी. त्याचा शर्ट, त्याच्या गोळ्या, त्याला काहीतरी खायला. पहिलटकरणीच्या कळा खऱ्या जोरात आल्यावरसुद्धा दहा-बारा तास जाऊ शकतात आणि त्याआधीची रात्र वेगळीच. उपाशी माणसाला चेन सापडत नाही.

आता तारखेचं. डॉक्टरांनी दिलेली तारीख शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस मोजून काढलेली असते. नेमकी त्याच दिवशी येणारी बाळं विसात एखादंच. सदतीस आठवडे पूर्ण व्हायच्या आत येणारी मात्र साधारण दहात एक. तुला चौतिसावा चालू आहे. म्हणजे हा आठवडा. "पुढच्या रविवारी निवांत करू" हे वाक्य मला ऐकवू नकोस.

आणि रक्त जायला लागलं, बाळाची हालचाल कमी झाली, पाणी हिरवट आलं, किंवा डोकं ठणकून डोळ्यांपुढं चमकायला लागलं, तर बॅगेकडं बघायचं नाही. नेसत्या कपड्यानिशी निघायचं. बॅग मागून कुणीही आणू शकतं, आणि कुणीही आणू शकावं अशीच ती भरलेली असली पाहिजे. आलं लक्षात? मी परत तिथंच आले. येणारच. मला सांगण्यासारखं दुसरं काही नाही.

भरून झालं की एक कर. रात्री खोलीतला दिवा बंद कर, त्याला म्हण "टोपडं", आणि मनात वीसपर्यंत मोज. मग "चष्मा". मग "फाईल". नाही सापडलं तर त्याच्यावर चिडू नकोस, वस्तूची जागा बदल. तू मध्ये बोलायचं नाही. बोटही दाखवायचं नाही.

या पत्राचं उत्तर तू लिहू नकोस. त्याला लिहायला सांग. फाईल कुठं आहे, एवढंच, एका ओळीत. आणि लिहिताना त्यानं तुला विचारता कामा नये.

तुझी,
मावशी

ता. क. दुपटी तीन.