आईवडील मुलाला आजीकडे टाकून गेले तर गुन्हा होतो का, आणि आजीला हक्क मिळतो का?

तुम्ही लिहिलंय की सात वर्षांचा भाचा पंचवटीत आजीकडे आहे, वडील सुरतेला, आईने दुसरं लग्न केलं, दोन वर्षांत एक रुपया आला नाही.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ९३ मध्ये १२ वर्षांखालील मूल कायमचं टाकून देण्याच्या हेतूने उघड्यावर किंवा कुठे सोडलं तर ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण मूल आजीच्या हाती दिलेलं असल्याने हे कलम लागणं अवघड वाटतं. माझं ऐका, त्यामागे वर्ष घालवू नका.

आधी पोटगी. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली मुलाच्या वतीने आजी अर्ज करू शकते. अंतरिम पोटगी, म्हणजे निकाल लागेपर्यंतची पोटगी, मागा. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्यावर निर्णय व्हावा, असं कायदाच सांगतो.

दुसरं, पालकत्व. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखालचा अर्ज मूल राहतं तिथे, म्हणजे नाशिकमध्येच चालतो. हा आदेश फार महत्त्वाचा. नाहीतर शाळेच्या फॉर्मवर ‘पालकांची सही’ या रकान्याशी आजीचा हात दरवेळी अडतो. शाळेची फी पावती, दवाखान्याचे कागद, लसीकरणाचं कार्ड, सगळं आजपासून एका पिशवीत ठेवा. मूल कुणी सांभाळलं ते यातूनच दिसतं.

वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला म्हणून आजींना तिथे मोफत वकील मिळतो. मुलाला धोका वाटला तर थेट १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा.