रॅम दुप्पट केली, तरी सर्व्हर मंदच

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचा डेटाबेस मायएसक्यूएल ८.० वर आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सर्व्हर इतका मंदावतो की काउंटरवर रांग लागते आणि ‘टू मेनी कनेक्शन्स’ असा संदेश येतो. रॅम १६ वरून ३२ जीबी केली, पण फरक पडला नाही. नवा सर्व्हर घ्यावा का? — एक वाचक, सांगली

उत्तर : नव्या सर्व्हरचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. तक्त्यांतील माहिती रॅममध्ये धरून ठेवणाऱ्या इनोडीबी (मायएसक्यूएलची माहिती साठवणारी यंत्रणा) बफर पूलचा आकार मुळात अवघा १२८ एमबी असतो आणि रॅम वाढवली म्हणून तो आपोआप वाढत नाही. सर्व्हरवर केवळ डेटाबेसच असेल, तर तो २० ते २४ जीबीपर्यंत न्यावा. त्यासाठी सर्व्हर बंद करावा लागत नाही. मात्र बदल ‘सेट पर्सिस्ट’ या, तो कायम ठेवणाऱ्या आदेशाने करावा, अन्यथा रीस्टार्टनंतर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

तरीही खरा संशय क्वेरींवरच, म्हणजे डेटाबेसला दिल्या जाणाऱ्या आदेशांवरच, घ्यावा लागतो. मंद क्वेरींची नोंद ठेवणारा स्लो क्वेरी लॉग मुळात बंद असतो आणि सुरू केला तरी १० सेकंदांहून अधिक वेळ घेणाऱ्या क्वेरीच नोंदवतो. त्यामुळे दोन सेकंदांची, पण प्रत्येक खातेदारामागे चालणारी क्वेरी त्यात कधीच सापडत नाही. लॉग सुरू करून ही मर्यादा एक सेकंदावर आणावी. ती नव्या कनेक्शनपासूनच लागू होत असल्याने ॲप्लिकेशनही एकदा रीस्टार्ट करावे.

सापडलेल्या क्वेरीआधी ‘एक्सप्लेन’ हा, क्वेरी कशी चालणार ते दाखवणारा शब्द लावून पाहावे. ‘टाइप’ या रकान्यात ‘ऑल’ दिसले, तर संपूर्ण तक्ता वाचला जात आहे. मासिक अहवालांत याचे नेहमीचे कारण म्हणजे तारखेवर इंडेक्स (नोंदी झटपट शोधण्यासाठीची सूची) असूनही अट ‘इयर(तारीख) = २०२५’ अशी लिहिलेली असते; कॉलम असा फंक्शनमध्ये गेला की साधा इंडेक्स कामी येत नाही. त्याऐवजी ‘१ जानेवारी २०२५ किंवा त्यानंतर, आणि १ जानेवारी २०२६ च्या आधी’ अशी अट असावी.

एकाच वेळी चालू शकणाऱ्या कनेक्शनची १५१ ही मूळ मर्यादा वाढवून घेण्याचा सल्ला आपल्याला मिळेलच. तो आताच मानू नये, कारण रेंगाळणाऱ्या क्वेरींनीच जागा अडवलेली असते आणि मर्यादा वाढवल्यास आणखी क्वेरी त्याच डिस्कवर तुटून पडतात. मोठे अहवाल कामकाजानंतर किंवा वेगळ्या रेप्लिकावर (डेटाबेसच्या दुसऱ्या सर्व्हरवरील प्रतीवर) चालवावेत. सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीचे असल्यास तक्रारीसोबत लॉगमधील नोंद आणि ‘एक्सप्लेन’चा निकाल जोडावा, नुसते ‘सर्व्हर हळू चालतो’ असे कळवल्यास दुरुस्ती सहसा होत नाही.